गोड जेवणाची रजा

मी नोकरीत एकदाच रजा मागितली, आणि त्या रजेपायी आमचे सासरे वारले. तसे ते ठणठणीत आहेत. परवाच त्यांनी फोन करून मला चांगलं फैलावर घेतलं. पण जालन्याला आमच्या कंपनीत त्यांच्या नावानं दोन मिनिटं उभं राहून झालं, आणि उभं राहणाऱ्यांपैकी एकाच्या डोळ्यांत पाणीही आलं म्हणतात. हे सगळं माझ्या तोंडून निघालेल्या एका शब्दामुळं झालं. शब्द काही वाईटसाईट नव्हता. गोडच होता.

तर मी बियाण्याच्या कंपनीत डिस्पॅच बघतो. म्हणजे कपाशीच्या, सोयाबीनच्या बॅगा गोदामातून निघाल्या की दुकानदाराच्या दारात पडेपर्यंत त्यांचा बाप मी. राहायला बदनापूरला, कामाला जालन्याला. मे आणि जून हा आमचा सीझन. या दिवसांत मी घरी येतो तो अंघोळीपुरता, असं मीना, म्हणजे आमची मंडळी, सगळ्यांना सांगते. यात अतिशयोक्ती आहे. मी जेवतोसुद्धा. उभ्यानं जेवतो आणि एका कानाला फोन असतो हे खरं, पण जेवतो. आमची शालू सहावीत आहे. एकदा कुरिअरवाल्यानं तिला विचारलं, पप्पा आहेत का घरी. तर ही म्हणाली, "ते इथं राहत न्हाईत, झोपायला येतात." तो कुरिअरवाला माझ्याकडं आजही वेगळ्याच नजरेनं बघतो.

कंपनीत मात्र माझा फार मान. कुणीही रजा मागायला गेलं की आमचे मॅनेजर राधेश्यामजी एकच वाक्य बोलायचे, "कल्याणराव को देखो. त्यांनी कधी मागितली?" मागणाऱ्याचं तोंड बंद. माझं नाव असं ब्रेकसारखं वापरलं जातंय याचा मला आनंद व्हायचा. ब्रेकखाली सापडणाऱ्याला काय वाटतं, हे विचारायला मला वेळ नव्हता.

आमच्या कंपनीला आमच्या तब्येतीची काळजी नाही असं कुणी म्हणू नये. गेल्या वर्षी 'काम आणि जीवन यांचा समतोल' या विषयावर शिबिर घेतलं. रविवारी घेतलं, कारण बाकीच्या दिवशी काम असतं. पुण्याहून आलेल्या एका बाईंनी सकाळपासून दिवस मावळेपर्यंत आम्हाला समजावलं की रविवार घरच्यांसाठी राखून ठेवावा. आम्ही टाळ्या वाजवल्या. मला पूर्ण वेळ हजर राहिल्याबद्दल पाण्याची बाटली मिळाली.

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना अधिक महिना आला.

ज्याला सासुरवाडी आहे त्याला हा महिना सांगायला नको. तीन वर्षांतून एकदा येतो. आमच्याकडं धोंड्याचा महिना म्हणतात. लेकीला-जावयाला बोलवायचं, जावयाचे पाय धुवायचे, आणि पुरण भरलेले धोंडे तुपात बुडवून त्याला खाऊ घालायचे. लग्न झाल्यावर जावयाच्या वाट्याला येणारा एवढाच काय तो खरा मान. माझी सासुरवाडी तीर्थपुरीची. सासरे काकासाहेब, सासूबाई गोजरबाई, आणि मी त्यांचा एकुलता एक जावई. मागच्या अधिकात मी अंबडहून परत फिरलो, कारण एक ट्रक भलत्याच गावाला गेल्ता. त्याच्या आधीच्या अधिकात कोरोना होता. माझ्याकडं प्रवासाचा पास होता, पण तो कंपनीचा होता, म्हणून मी कंपनीत गेलो. त्याच्याही आधी काय झालं ते मला आठवत नाही. मीनाला आठवतं.

यंदा मीना भांडली नाही, तेच वाईट. ती जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, आणि शिकवणाऱ्या बाईनं छडी बाजूला ठेवली की पोरं जास्त भितात. गवारीच्या शेंगा मोडता मोडता ती म्हणाली, "बदल्याचे अर्ज निघालेत. तीर्थपुरीला जागा हाय. मी मोबाईलवर भरून ठेवलाय, फक्त पाठवायचा राह्यलाय. तुम्ही धोंड्याला आलात तर बघू. न्हाई आलात तर मी अन् शालू तिकडंच राहू. तुम्हाला बी बरं, झोपायला एवढ्या लांब यायची दगदग न्हाई."

"अगं, पण सीझन..."

"मी भांडून राह्यले का? नुसतं सांगून राह्यले."

मी घाबरलो. चुकलेला ट्रक परत आणता येतो, हा माझा रोजचा धंदा आहे. पण मीना एकदा तीर्थपुरीला गेली तर तिला परत आणायला कुणाला फोन लावायचा, हे मला माहीत नव्हतं.

आमच्या घराची भिंत आणि रखमाजींच्या घराची भिंत एकच आहे, त्यामुळं आमच्याकडची गोष्ट सांगायला त्यांच्याकडं जावं लागत नाही. संध्याकाळीच ते आले. "कल्याणराव, सीझनमधी रजा घिऊ नका," ते म्हणाले. "आमचा साडू एकदा रजेवर गेल्ता. परत आला तं त्याच्या खुर्चीवर दुसराच. अन् खुर्ची बी नवी." त्यांच्या मागोमाग त्यांची बायको सगुणाबाई आली आणि म्हणाली, "ह्यांचं ऐकू नका. हे साडूच्या धाकानं कुठंच गेले न्हाईत, अन् ह्यांची खुर्ची तरी कुठं ऱ्हायली." यावर त्या दोघांचंच सुरू झालं. माझा विषय मागं पडला म्हणून मी चहा करायला लावला.

आता आमच्याकडं रजा कागदावर मागत नाहीत, मोबाईलमधल्या ॲपवर मागतात. मी ते कधी उघडलंच नव्हतं. उघडलं तर त्यानं पहिला प्रश्न विचारला, तुम्ही नवीन कर्मचारी आहात का. अपमान गिळून पुढं गेलो. तारखा टाकल्या. मग ते म्हणालं, तुमच्या गैरहजेरीत काम कोण बघणार. तिथं एक नाव आधीच भरलेलं होतं, ते माझंच. म्हणजे इतकी वर्षं ज्याची-त्याची कामं मीच अंगावर घेतल्यामुळं सगळ्यांच्या बदली मी, आणि माझ्याही बदली मी. ते काही केल्या बदलेना. मी तसंच पुढं पाठवलं. लगेच माझ्या मोबाईलवर निरोप आला, कल्याणराव रजा मागत आहेत, तुम्ही त्यांचं काम बघाल का. मी त्या वेळी परभणीच्या एका दुकानदाराशी भांडत होतो. सवयीनं 'नाही' दाबलं. अशा रीतीनं माझी पहिली रजा मीच नामंजूर केली.

शेवटी मी सरळ राधेश्यामजींना फोन लावला. त्या वेळी माझ्या एका कानाला ते होते, दुसऱ्या कानाला परभणीवाला होता, आणि समोर टेम्पो भरत होता. हे लक्षात ठेवून पुढचं वाचावं.

"साहेब, शनिवार-रविवार पायजेत. रजा."

त्यांनी आधी माझं नाव परत विचारलं. मग ते म्हणाले, "रजा? तुम्हाला? काय झालं, भाई?"

"सासऱ्यांचं जेवण हाय तीर्थपुरीला."

"कसलं जेवण?"

"गोड जेवण," मी म्हणालो, आणि दुसऱ्या कानाला म्हणालो, "कवाच गेला. मीच पोचवला की."

मी परभणीच्या ट्रकबद्दल बोलत होतो.

बाहेरच्या माणसाला यात काही वावगं दिसणार नाही. पण आमच्या भागात माणूस गेला की तेराव्याला सुतक फिटतं, त्या दिवशी सोयऱ्याधायऱ्यांना गोडाचं वाढतात, आणि त्याला म्हणतात गोड जेवण. धोंडेही गोडच, म्हणून माझ्या तोंडातून ते निघालं. हे मला कळायला हवं होतं. मी जन्मानं इथलाच आहे. पण दोन कानांत दोन माणसं असली की तोंडावर लक्ष राहत नाही.

"राम राम राम," राधेश्यामजी म्हणाले. "अन् तुम्ही एक शब्द बोलला न्हाईत?"

"त्यात काय बोलायचं, साहेब. सीझन हाय."

"धन्य हो, कल्याणराव," ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज जड झाला. "जा. बिलकुल जा."

मला वाटलं, किती दिलदार माणूस. एका जेवणासाठी गहिवरला.

शुक्रवारी घरी आलो तर मीनानं हात पुढं केला. मी टिफिन दिला. ती म्हणाली, "हा न्हाई." मग मी फोन दिला. तिनं तो तुरीच्या डाळीच्या डब्यात ठेवला, झाकण लावलं आणि डबा पिशवीत भरला. एसटीत तो डबा तिच्या मांडीवर होता आणि आतून सारखा घुरघुर आवाज येत होता. शेजारची एक बाई सरकून बसली. त्या घुरघुरीत काय काय येऊन गेलं ते मला नंतर समजलं. आमच्या गोदामातल्या संपतनं कंपनीच्या ग्रुपवर बातमी टाकली होती, की कल्याणरावांचे सासरे वारले, तेरा दिवस माणूस दुःख पोटात ठेवून डिस्पॅच करत राहिला, पण एका शब्दानं बोलला नाही. त्याखाली हात जोडलेल्यांची रांग लागली होती. मला कुणीतरी फोन करून विचारलं असतं तर प्रकरण तिथंच मिटलं असतं. बऱ्याच जणांनी केलाही. पण मी डाळीत होतो.

तीर्थपुरीला पोचलो आणि काय करायचं ते मला कळेना. पलंगावर पडलो तर झोप येईना, उठलो तर चक्कर. अर्धा दिवस हात खिशाकडं जात होता. गोजरबाई म्हणाल्या, जरा गच्चीवर वारं खा. मी गच्चीवर वाळत घातलेल्या पापडांच्या ओळी सरळ केल्या. मग स्वयंपाकघरातले डबे उंचीप्रमाणं लावून दिले, त्यामुळं त्यांना संध्याकाळी मीठ सापडेना. शेवटी काकासाहेबांनी मला आपल्या शेजारी ओट्यावर बसवून घेतलं. म्हातारा मोठा मिश्किल, आवाजानं खणखणीत. "जावईबापू," ते म्हणाले, "बसायचं बी एक काम असतं. तुम्हाला जमंल हळूहळू." त्यावर मला झोप लागली ती थेट रविवारी सकाळपर्यंत.

रविवारी पाट मांडला. भोवती रांगोळी, पुढं तांब्याचं घंगाळ. मला नवीन धोतर नेसवलं, ते मी एका हातानं धरून बसलो. पाटावर बसलेल्या जावयानं पाय धुऊन होईपर्यंत उठायचं नसतं. गोजरबाई आत पाणी तापवत होत्या. काकासाहेब बाहेर ओट्यावर गेले होते. शालू माझ्याकडं बघून हसत होती आणि मीनाच्या चेहऱ्यावर मी फार दिवसांनी काहीतरी सैल झालेलं बघितलं.

तेवढ्यात दारात टेम्पो थांबला. आमच्याच कंपनीचा. बाजूला नाव रंगवलेलं, ते मला पाटावरून दिसलं, आणि मीनालाही.

"बोलावलंत का?" ती म्हणाली.

"न्हाई गं. फोन तर तुझ्याकडं हाय."

"मंग न्यायला आले तुम्हाला." तिचा आवाज एकदम कोरडा झाला. "जा. धोतरावर जाऊ नका, पँट घाला." आणि ती आत गेली. मी पाटावरून अर्धा उठलो. धोतर सुटायला लागलं म्हणून परत बसलो. आयुष्यात इतकं असहाय मला कधी वाटलं नव्हतं.

टेम्पोतून राधेश्यामजी उतरले, पांढऱ्या कपड्यात. मागून संपत आणि गोदामातले आणखी चौघे-पाच जण. प्रत्येकाच्या हातात दुखवट्याची टॉवेल-टोपी. संपतच्या हातात एक फ्रेम, तिला चंदनाचा हार. ओट्यावर काकासाहेब एकटेच. राधेश्यामजी त्यांच्याजवळ गेले, खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "आप भाऊ का त्यांचे?"

"कुणाचे?"

"काकासाहेबांचे."

म्हाताऱ्यानं फ्रेमकडं बघितलं. फोटो शालूच्या वाढदिवसाचा होता, तो मीच कधीतरी ग्रुपवर टाकला होता. संपतनं त्यातला केक कापून टाकला, शालूही काढली, पण काकासाहेबांच्या डोक्यावरची चकचकीत कागदी टोपी काही निघाली नव्हती. खाली लिहिलं होतं, भावपूर्ण श्रद्धांजली. काकासाहेबांनी ते वाचलं. मग शांतपणे बाजूला सरकून जागा केली आणि म्हणाले, "लई जवळचा होतो मी त्याच्या. बसा."

"फार सज्जन माणूस होता, म्हणतात," राधेश्यामजी म्हणाले.

"तसा बरा होता."

"काय झालं होतं त्यांना?"

"काय न्हाई. वाट बघून गेला," काकासाहेब म्हणाले. "एकच जावई होता. दर अधिकाला म्हातारा पुरण शिजवायला लावायचा अन् ओट्यावर बसायचा. जावई काय यायचा न्हाई. कंपनीत कुणी मालक होता म्हणं, सोडत नव्हता."

राधेश्यामजींनी खाली बघितलं. संपतनं नाक पुसलं. मी आत पाटावर धोतर धरून सगळं ऐकत होतो आणि मला मधेच ओरडावं की जमिनीत जावं हे ठरवता येईना.

तेवढ्यात गोजरबाई दारात आल्या. नवीन लुगडं, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. "अवं," त्या नवऱ्याला म्हणाल्या, "पाणी तापलं. पाय धुवायला चला की जावयाचे." मग पाहुण्यांकडं बघून, "हे कोण?"

"माझ्या गोड जेवणाला आलेत," काकासाहेब म्हणाले.

राधेश्यामजींनी कुंकवाकडं बघितलं, फ्रेमकडं बघितलं, मग म्हाताऱ्याकडं. त्यांचा चेहरा आधी पांढरा, मग लाल झाला. संपत फ्रेम पाठीमागं लपवायला लागला, पण हार अडकला. मी आतून ओरडलो, "साहेब, धोंड्याचं म्हणालो मी! धोंड्याचं गोड!" आणि ते खरं नव्हतं.

मला वाटलं, आता नोकरी गेली. पण काकासाहेब पोट धरून हसत होते. "ज्याच्या मरणाची अफवा उठती, त्याचं आयुष्य वाढतं," ते म्हणाले. "तुम्ही लोकांनी मला चांगली दहा वर्षं आणून दिली, अन् वरून टोप्या बी. आता जेवल्याशिवाय जायचं न्हाई. अन् तो फोटो इकडं द्या, माझा एवढा चांगला दुसरा न्हाई." मीना आतून बाहेर आली होती. मला न्यायला कुणी आलं नाही, उलट माझ्यामुळं तिचा बाप मेला होता, हे समजायला तिला थोडा वेळ लागला. मग ती भिंतीला टेकून इतकी हसली की शालूनं तिला पाणी दिलं.

सगळे आत येऊन चटईवर बसले. काकासाहेब माझ्यासमोर पाटावर बसले. एवढ्या वयाच्या माणसानं माझे पाय हातात घ्यायचे म्हणजे मला कसंतरीच झालं, पण रीतच तशी. त्यांनी कोमट पाणी घातलं, पाय चोळला, आणि थांबले. अंगठ्यानं माझ्या घोट्याजवळ दाबलं, अंगठा काढला. तिथं सुजेत खड्डा पडला होता. तो तसाच राहिला, भरेना. त्यांनी दुसरा पाय बघितला. तोही तसाच.

"किती दिवसाचं हे?" त्यांनी विचारलं. आता त्यांच्या आवाजात गंमत नव्हती.

मी म्हणालो, काही नाही, गोदामात उभं राहून येतं थोडं. खरं म्हणजे मला ते माहीतच नव्हतं. मी अंधारात मोजे काढायचो आणि अंधारात घालायचो.

काकासाहेबांनी आपलं धोतर वर केलं आणि स्वतःचा पाय माझ्या पायाशेजारी ठेवला. काटकीसारखा, काळा, पण घट्ट. "बघा," ते राधेश्यामजींना म्हणाले. "तुम्ही फोटो माझा आणला. बराबर बघून आणायला पायजे होता."

चटईवर बसलेल्या संपतनं हळूच आपला मोजा खाली करून अंगठा दाबून बघितला. त्याच्या शेजारच्यानंही. राधेश्यामजींनी दोन्ही पाय मांडीखाली ओढून घेतले. मीना माझ्या मागं उभी होती, तिनं माझा खांदा घट्ट धरला. मला एकदम रडू आलं. नवीन धोतरानं डोळे पुसले, पुसायला दुसरं काही नव्हतं.

मग धोंडे वाढले. गोदामाची सगळी मंडळी असं जेवली की गोजरबाईंना दोनदा पुरण वाटावं लागलं. त्यांच्यातल्या कित्येकांनी या सीझनमध्ये दुपार बघितली नव्हती. बाहेर ऊन आहे, लिंबाला सावली आहे, हे ते एकमेकांना दाखवत होते. राधेश्यामजी हात धुता धुता मला म्हणाले, "कल्याणराव, माझी सासुरवाडी परतूरला. तीन अधिक झाले, मी पण गेलो न्हाई." मी म्हणालो, "साहेब, मीही तुम्हालाच बघून जात नव्हतो." आम्ही दोघंही एकमेकांचं उदाहरण देत इतकी वर्षं काढली होती, हे तेव्हा कळलं.

परत येताना एसटीत मी मीनाला म्हणालो, "आता तर झालं ना. तो अर्ज?"

"एका जेवणानं काय व्हतं?" ती म्हणाली. "उद्या सोमवार, शेवटची तारीख. उद्या उजेडात घरी येऊन दाखवा. मंग बघू." आणि डाळीचा डबा उघडून तिनं फोन मला दिला. तो दोन दिवस डाळीत राहून बंद पडला होता, आणि घरी चार्ज करून चालू केल्यावर त्यातून एक-एक करून सगळे हात जोडून बाहेर आले.

सोमवारी मी संध्याकाळी खुर्चीवरून उठलो. अजून खिडकीत ऊन होतं. माझा एक ट्रक मंठ्याला अडकला होता. मी तो संपतच्या हवाली केला, आणि संपत म्हणाला, "जावा तुम्ही, मी बघतो," इतक्या सहज, की मला थोडं वाईटच वाटलं. राधेश्यामजींच्या केबिनच्या काचेसमोरून गेलो तेव्हा ते फोनवर होते, "हां जी, मी जावई बोलतो. न्हाई, तब्येत बराबर आहे, सहज केला." त्यांनी मला हातानं नुसतं जा म्हणून खूण केली.

गेटवरच्या वॉचमननं मला त्या वेळी बाहेर पडताना कधी बघितलं नव्हतं. तो उभाच राहिला. "साहेब, कोण गेलं?"

"कुणी न्हाई."

"न्हाई कसं? सांगा की."

त्याला पटवण्यात माझा वेळ गेला. पुढं चौकात आमचा पानवाला दुकानातून खाली उतरला, डोक्यावरची टोपी काढली आणि म्हणाला, "कोण?" पेट्रोल पंपावर एका ओळखीच्या दुकानदारानं गाडीला हात करून थांबवलं आणि मला मिठी मारली, मी काही बोलायच्या आत. बदनापूरच्या फाट्याला रखमाजी उभे होते. ते म्हणाले, "काढून टाकलं ना शेवटी? मी म्हणलो नव्हतो?" मी गाडी न थांबवता निघालो. ऊन उतरायला लागलं होतं आणि मला एकाच गोष्टीची घाई होती. माझं घर राहतंय की जातंय, ते या उजेडावर होतं.

दारात मीना उभी होती, हातात मोबाईल. तिनं आधी आभाळाकडं बघितलं, मग माझ्याकडं. शालू आतून धावत आली आणि उंबऱ्यावर थांबून म्हणाली, "पप्पा, तुम्ही असे दिसता का दिवसा?"

मला बोलायला दम राहिला नव्हता. रस्ताभर एकच प्रश्न ऐकून कान किटले होते. मी गाडी लावली आणि मीनाला म्हणालो, "तू पण विचारून घे. कोण गेलं म्हणून."

"मला माहीत हाय ना कोण गेलं," ती म्हणाली.

"कोण?"

"अर्जाची वेळ. पाचला अर्ज घेणं बंद झालं."

मी घड्याळाकडं बघितलं. पाच कधीच वाजून गेले होते. मी गेटवर वॉचमनला समजावत होतो तेव्हाच.

"म्हणजे मी येतो का न्हाई, ते न बघताच तू तो पाठवायचा राहू दिलास?"

"हो," मीना म्हणाली. "आता आत या. दारात असं तोंड करून उभे राहू नका, लोकांला वाटंल खरंच कुणी गेलं."